फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनचा किल्ला मुलांना बोअर होतो?

सेंट ऑगस्टीनच्या सहलीवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय की लहान मुलं असतील तर कास्तियो दे सान मार्कोस हा किल्ला बाहेरूनच बघा न् सरळ अ‍ॅलिगेटर फार्म गाठा, हे अजिबात पटलं नाही. आमची सात वर्षांची मुलगी त्या भिंतीपासून हलायलाच तयार नव्हती, कारण तो दगड म्हणजे कोकीना, समुद्रातले शिंपले एकमेकांना चिकटून झालेला, जवळून बघितलं की शिंपल्याचे तुकडे चक्क दिसतात! १७०२ च्या वेढ्यात इंग्रजांचे तोफगोळे आदळूनही भिंती फुटल्या नाहीत, कारण हा दगड मऊ आणि सच्छिद्र असल्याने गोळे त्यात रुतून बसायचे, हे सांगितल्यावर तर तिचे प्रश्न संपेचनात.

आणि तिथल्या लाइटहाऊसच्या २१९ पायऱ्या लिहिल्यात, पण वर चढायला मुलांची उंची किमान ४४ इंच लागते हे लिहायला हवं होतं, धाकट्याला खालीच थांबावं लागलं, फार रडला बिचारा.