पिवळा दिवा विझला म्हणजे दोष गेला?

बडोद्यात सर्व्हरची देखभाल करणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे: ‘पार्ट बदलला की सर्व्हर रीबूट करा, दोषाची नोंद जाते, राहिलीच तर लॉग (नोंदवही) क्लिअर करा, दोष दाखवणारा पिवळा दिवा विझला की कॉल (तक्रार) बंद.’

रीबूटने नोंद जाते, हे पहिलेच विधान चुकीचे आहे. दोषांची नोंद मदरबोर्डवरील बीएमसी, म्हणजे सर्व्हरवर देखरेख ठेवणारा स्वतंत्र छोटा नियंत्रक, ठेवतो. विजेची केबल लावलेली असेपर्यंत सर्व्हर बंद असतानाही तो चालूच असतो, आणि त्याची नोंदवही वीज गेल्याने पुसली जात नाही.

लॉग क्लिअर करण्याचा सल्ला मात्र अर्धा बरोबर आहे. आयपीएमआय या सर्व्हर-देखरेखीच्या मानकानुसार ठेवलेल्या लॉगमधील एक नोंद १६ बाइटची असते, जागा मोजकी असते आणि ती भरली की बरीच यंत्रे नवी नोंद घेतच नाहीत. त्यामुळे लॉग कधी ना कधी रिकामा करावाच लागतो. पण लॉग रिकामा झाला म्हणजे दोष मिटला असे नव्हे. ओरॅकलच्या सर्व्हरवर दोषाची स्थिती लॉगपासून वेगळी ठेवलेली असते: ज्या भागात त्याचा सीरियल नंबर साठवलेला असतो, तो बदलल्याचे यंत्राला कळते आणि दोष आपोआप मिटतो, इतर भागांसाठी तो हाताने मिटवावा लागतो. ओरॅकलच्याच सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तर ‘रिप्लेस्ड’, ‘रिपेअर्ड’ आणि ‘अक्विट’ असे तीन निराळे आदेश आहेत, कारण भाग बदलला, जागीच दुरुस्त केला की तो मुळात निर्दोषच होता, हे यंत्राला सांगावे लागते. (घाईत तिघांपैकी कोणताही चालतो, असे मानणारेही मला भेटले आहेत.)

राहिला दिवा. मकरपुऱ्यातील एका कारखान्यात ए३ स्लॉटमधील रॅम ईसीसी एररमुळे (मेमरीतील चूक पकडणाऱ्या तपासणीत आलेल्या एररमुळे) बदलली गेली, लॉग लगेच पुसला गेला, दिवा विझला. आठवड्याने दिवा पुन्हा लागला आणि एरर पुन्हा ए३ मध्येच होती. आता संशय स्लॉटवर आणि प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरवर गेला. पण काढलेली रॅम खरोखर खराब होती की एरर पहिल्यापासून स्लॉटचीच होती, हे ठरवायला जुन्या नोंदी हव्या होत्या. रॅम बदलण्याआधी तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून एरर तिच्यामागे जाते का, एवढे पाहिले असते आणि पुसण्यापूर्वी लॉग फाइलमध्ये उतरवून घेतला असता, तर ते कळले असते. आम्ही लॉग उघडला तेव्हा नव्या एररच्या वर एकच ओळ होती: लॉग पुसल्याची, तारीख-वेळेसह.