फिल्डवरचा रिपोर्टर आणि सहा महापालिका

पावसाळा सुरू झाला की ते व्हिडिओ फिरायला लागतात, गुडघाभर पाण्यात बूम (चॅनलचा माईक) घेऊन उभा असलेला रिपोर्टर, खाली हसण्याचे इमोजी आणि "यांना दुसरे कामधंदे नाहीत का" टाईप कमेंट. मला खरंच राग येतो. ठाण्यात एका न्यूज चॅनलसाठी मी बरीच वर्षं कॅमेरा केलाय, ज्याच्यासोबत केला त्या रिपोर्टरचं, आमच्या दादाचं काम जवळून बघितलंय, म्हणून लिहितोय. पोस्ट लांब होईल, सांभाळून घ्या.

तुम्हाला दिसतात ती दोन मिनिटं. त्याआधी सकाळपासून दादाचे फोन चालू असतात, फायर ब्रिगेड, पालिकेचा आपत्ती कक्ष, दोन-चार पोलीस स्टेशन, सिव्हिलमधला एखादा वॉर्डबॉय, सगळ्यांना एकच प्रश्न, "काय विशेष?" मग आम्ही बाइकवर, तो चालवणार, मी मागे ट्रायपॉड धरून. पोचल्यावर आधी व्हिज्युअल्स, मग बाईट म्हणजे लोकांचं कॅमेऱ्यासमोरचं बोलणं, मग फीड म्हणजे ते सगळं ऑफिसला पाठवणं, तेवढ्यात स्टुडिओला फोनो, म्हणजे फोनवरून माहिती हवी असते, ते संपतंय तोवर लाईव्हला उभं राहायचं. पूर्वी ओबी व्हॅन, म्हणजे लाईव्हची गाडी, यायला वेळ लागायचा, तेवढ्यात चार लोकांशी बोलून माहिती तरी गोळा व्हायची. आता पाठीवरच्या बॅगेत सिमकार्डं टाकली की कुठूनही लाईव्ह होतं, त्यामुळे गाडीवरून उतरल्या उतरल्या बोला म्हणतात. नक्की काय झालंय हे कळायच्या आत बोलायचं आणि चुकलं तर शिव्या रिपोर्टरनेच खायच्या.

ठाण्यात शिळफाट्याला कोसळलेली लकी कंपाउंडची बिल्डिंग आठवत असेल. 4 एप्रिल 2013, संध्याकाळची वेळ, अनधिकृत बांधकाम, 74 माणसं गेली. रात्री ढिगाऱ्याखालून कुणाचा आवाज येतोय का ते ऐकायला बचाव पथकवाले मधेच सगळ्यांना शांत करायचे, मशिनं बंद, कुणी हलायचं पण नाही. नेमकं तेव्हाच दादाच्या कानात स्टुडिओतून चालू, लाईव्ह जायचंय, बोला बोला. त्याने इअरपीस काढून खिशात टाकला आणि मला हाताने खूण केली, कॅमेरा खाली. नंतर ऑफिसातून न्यूज डेस्कचा फोन आला तेव्हा त्याला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते मला माहितीये, मी बाजूलाच होतो. तिथून आम्ही कळव्याच्या हॉस्पिटलला गेलो. लोक मोबाईलवर आपल्या माणसांचे फोटो दाखवत फिरत होते, दादाने कॅमेरा लावायला सांगितलाच नाही, वही काढली आणि एकेकाचं नाव, वय, गाव लिहून घेत बसला. माझ्या मते रिपोर्टिंग ते होतं. पुढे त्या प्रकरणात बिल्डरांसोबत पालिकेचे अधिकारी आणि पोलीस पण अटक झाले, आणि परवानगी कुणाची होती, डोळेझाक कुणी केली हे ठाण्यातले रिपोर्टर रोज जाऊन विचारत होते.

आता हे करायला माणसं किती आहेत बघा. ठाणे जिल्ह्यात महापालिका सहा. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी, मीरा-भाईंदर. त्यात अंबरनाथ, बदलापूर, शहापूर, मुरबाड, आणि 2014 ला पालघर वेगळं होईपर्यंत जव्हार-मोखाडा पण आमच्याच गळ्यात. एवढ्या सगळ्याला आमच्याकडे पगारी रिपोर्टर एक, बाकी स्ट्रिंगर. स्ट्रिंगर म्हणजे बातमी लागली तर पैसे, नाही लागली तर पेट्रोल पण खिशातलं. विमा नाही, सुट्टी नाही. पत्रकारांचे पगार ठरवायला मजिठिया वेतन मंडळ आलं ते वर्तमानपत्रं आणि वृत्तसंस्थांसाठी, टीव्हीवाले त्यात नव्हतेच. 2020 च्या सप्टेंबरात पुण्यात टीव्ही रिपोर्टर पांडुरंग रायकर कोविडने गेले, वेळेवर कार्डिअ‍ॅक ॲम्ब्युलन्स मिळाली नाही, तेव्हा सगळे हळहळले. नंतर माझ्या ओळखीतल्या एकाही स्ट्रिंगरचा विमा काढला गेला नाही.

शहापुरात भातसा, तानसा ही धरणं आहेत, मुंबई ते पाणी पिते आणि मे महिन्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर. ही स्टोरी दादा दर उन्हाळ्यात पाठवायचा, उत्तर यायचं की आज राजकारण तापलंय, नेत्याच्या घराबाहेर उभा राहा. 2022 च्या जूनमध्ये शिवसेना फुटली तेव्हापासून तर ठाण्याच्या रिपोर्टरचे निम्मे दिवस बंगल्यांच्या गेटवरच जातात असं मला वाटतं. मग ऑगस्ट 2023 ला कळव्याच्या त्याच हॉस्पिटलात 24 तासांत 18 पेशंट गेले की सगळे धावत सुटतात. जो तिथे रोज चक्कर मारतो त्याला वॉर्ड भरलेत, स्टाफ कमी पडतोय हे आधी दिसतं हो, पण चक्कर मारायला त्याला मोकळा ठेवला पाहिजे ना! संध्याकाळभर स्टुडिओत सहा चौकटीत भांडणं लावायला पैसा आहे, आणि एका महापालिकेला एक पगारी रिपोर्टर द्यायला नाही, हे मला पटत नाही, कधीच पटणार नाही.

दादा आता पन्नाशीला आलाय, शुगर आहे, तरी बाइकवर फिरतोय. त्याच्या हाताखाली कल्याणची एक मुलगी शिकतेय, मोबाईलवर स्वतः शूट करते, स्वतः एडिट करते, कागद मिळाल्याशिवाय बातमी पाठवत नाही. तीही स्ट्रिंगरच. चॅनलमधलं कोणी हे वाचत असेल तर हात जोडून सांगतो, तिला पगारावर घ्या आणि तिचा विमा काढा, पुढची बातमी तिनेच आणायचीये.