शेंडा दक्षिणेला

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वाड्याच्या अंगणात आजोबांनी हौसेनं लावलेलं 'ख्रिसमस ट्री' गच्चीच्याही वर गेलंय? मग ते पाडायला जानेवारीच धरा. सकाळी सातला ग्वाल्हेरात असं धुकं असतं की शेंडा दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची भीती कसली!

हे झाड बऱ्याचदा कुक पाइन असतं, मूळचं न्यू कॅलेडोनियाचं. त्याची खोड अशी की ते विषुववृत्ताकडे कलतं. आपण उत्तर गोलार्धात, म्हणजे कल दक्षिणेला. दक्षिण यमाची. आपल्या वाड्यापुरती ती शेजारच्या काकूंच्या पाण्याच्या टाकीचीही. तुम्ही अर्थातच ते उत्तरेला पाडायचं ठरवा. कपडे वाळत घालायची दोरी आहेच, भाचे ओढतील.

जाणकार म्हणतात, पाडायच्या बाजूला खोडाच्या पाव हिश्शापर्यंत खाच घ्यावी, मग मागून, खाचेच्या जरा वर, कापत यावं आणि मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी पट्टी न कापता सोडावी. दाराच्या बिजागरीसारखी ती झाडाला वळण देत खाली नेते. पण काम अर्धवट सोडणं आपल्या घराण्यात नाही. आरपार कापा. कॅनडात लाकूड गोठून ठिसूळ होतं, बिजागरी वेळेआधी तुटते, ठोकलेली पाचर उसळून बाहेर येते. म्हणून तिकडचे लोक पट्टी जाडच ठेवतात. इथे पारा दोन-तीन अंशांवर आला तरी लाकूड गोठत नाही. गोठतात ती बोटं, आणि यांत्रिक आरीचा खटका त्याच बोटांखाली असतो. हातमोजे मात्र नकोत, गजक खाताना अडचण होते.

पळायची वाट आधीच मोकळी करावी, मागे तिरकी, म्हणे. तिथे तुम्ही खाट टाका, बघ्यांना बसायला. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर माणसं असावीत, हाही एक नियम. पन्नास फुटी झाड, बारा फुटी गल्ली. हिशेब कुणी करायचा?

दोर लावून वर चढणारे, शेंड्यापासून तुकडे उतरवणारे कसबी लोक मिळतात. पैसे घेतात, शिवाय त्यात 'धडाम' नाही. जावईबापूंनी आणलेली भाड्याची आरी फुकट जाईल ती वेगळीच. आणि परवानगी? शहरातल्या झाडांसाठी मध्य प्रदेशात 2001 चा कायदा आहे, म्हणून रविवार निवडा.

झालं. अंगाला राळ चिकटलीय, चहा निवलाय, भाचे दोरीला लोंबकळलेत, आणि आरीचा आवाज अचानक हलका झालाय. आता वर बघू नका. फक्त भिंतीपलीकडे हाक द्या : "काकू, आज मोटर जरा उशिरा लावाल का?"