अर्धं वाक्य बाबासाहेबांच्या नावावर खपवू नका

आमच्या घरच्या ग्रुपवर दाजींनी एक मेसेज टाकला आणि खाली भाच्यासाठी लिहिलं, 'वाच आणि अभ्यासाला लाग.' भाचा पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. परीक्षेच्या घोळाविरुद्ध मुलं रस्त्यावर बसली तेव्हा तोही त्यांच्यात होता. मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यात चार दावे आहेत: बाबासाहेबांनीच सत्याग्रहाला 'अराजकाचं व्याकरण' म्हटलं, म्हणून आंदोलन हा बाबासाहेबांचा अपमान, घटनेत आंदोलनाचा हक्क नाही, सरकारविरुद्ध बोलणं हा राजद्रोह, आणि सरकार निवडून दिलंय तर पाच वर्षं गप्प बसा.

पहिला दावा सगळ्यात विषारी, कारण तो अर्धा खरा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी हे शब्द वापरले. रक्तरंजित क्रांती तर सोडाच, पण कायदेभंग, असहकार, सत्याग्रहही आता सोडायला हवेत, असं ते स्पष्ट म्हणाले. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण त्याच्या लगेच पुढचं वाक्य मेसेजवाल्याने का गाळलं? आर्थिक-सामाजिक उद्दिष्टांसाठी सनदशीर मार्गच उरले नव्हते तेव्हा असनदशीर मार्गांना पुष्कळ समर्थन होतं. जिथे सनदशीर मार्ग खुले आहेत तिथे ते उरत नाही, असं ते वाक्य सांगतं. म्हणजे अट आहे, आणि ती एकट्या नागरिकावर नाही. मार्ग खुले ठेवायचे कुणी? सरकारने! आणि हे बोलणारा माणूस कोण होता? १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर हजारोंना घेऊन गेलेला, १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह उभा करणारा.

त्याच भाषणात पुढे दोन इशारे आहेत. धर्मात भक्ती मुक्तीकडे नेईल, पण राजकारणात भक्ती म्हणजे अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास रस्ता. आणि सामाजिक-आर्थिक विषमता लवकर दूर केली नाही, तर तिचे चटके सोसणारेच ही राजकीय लोकशाही उधळून लावतील. मेसेज बनवणाऱ्याला सगळ्या भाषणातून 'व्याकरण' तेवढं सापडलं, या ओळी दिसल्या नाहीत, यावर माझा विश्वास नाही. महाराष्ट्र शासनाने छापलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या तेराव्या खंडात हे भाषण आहे. दाजी, ते पूर्ण वाचा, मग पोराला शिकवा.

बाबासाहेबांचे निकटचे सहकारी दादासाहेब गायकवाड काळारामच्या लढ्यात आघाडीवर होते. हेच दादासाहेब घटना लागू झाल्यावर, १९५९ आणि १९६४ साली, भूमिहीनांच्या सत्याग्रहात उतरले. लाखो माणसं तुरुंगात गेली, कारण गावोगाव पडीक सरकारी जमीन होती आणि अर्ज करून ती मिळत नव्हती. त्यांनी बाबासाहेबांचा अपमान केला, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

दुसरा दावा सरळ खोटा. कलम १९ उघडा. बोलण्याचा, शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा, संघटना करण्याचा हक्क तिथे लिहिलाय. वाजवी निर्बंध आहेत, आणि महिनोन्‌महिने रस्ता अडवून बसता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय. हत्यार उचलण्याचा हक्क तर नाहीच. जर्मनीने १९६८ साली आपल्या राज्यघटनेच्या कलम २० मध्ये नागरिकांना प्रतिकाराचा हक्क दिला, आपल्याकडे तसं कलम नाही. पण तिथेही अट हीच: घटनात्मक व्यवस्था कुणी मोडीत काढत असेल आणि दुसरा उपायच उरला नसेल तर.

राजद्रोहाबद्दल फार लिहीत नाही. घटनेच्या मसुद्यात भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांमध्ये हा शब्द होता; घटना समितीतले सदस्य कन्हैयालाल मुन्शींनी दुरुस्ती मांडली आणि तो काढला गेला. टिळकांना मंडालेला धाडणारं इंग्रजांचं कलम तेवढं २०२४ पर्यंत दंडसंहितेत राहिलं. त्याबद्दलही १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात न्यायालयाने बजावलं की हिंसेला किंवा अशांततेला चिथावणी नसेल, तर सरकारवर कितीही कडक टीका केली तरी तो राजद्रोह नाही.

राहिलं पाच वर्षं गप्प बसणं. १९७५ साली आणीबाणी लादणारं सरकारही निवडून आलेलंच होतं. हजारो माणसं बिनचौकशी आत गेली. त्यांच्या सुटकेचे अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा न्यायमूर्ती खन्नांनी विचारलं, पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तर? आणीबाणी चालू असेपर्यंत दाद मागता येणार नाही, असं उत्तर ॲटर्नी जनरलनी दिलं. २८ एप्रिल १९७६ ला निकाल चार विरुद्ध एक असा सरकारच्या बाजूने लागला. तो एक म्हणजे खन्ना. निवडणूकही मार्च १९७६ मध्ये ठरल्या वेळी झाली नाही, लोकसभेची मुदतच वाढवली गेली. गप्प बसणाऱ्याने पाच वर्षं मोजायची तरी कुठून? कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत गप्प बसल्या नाहीत, पुढे त्यांना अटक झाली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली. ती गप्प बसलेल्यांमुळे आलेली नाही.