मोबाइल बंद केल्याने ऑटिझम जात नाही, थांबण्यात महिने मात्र जातात

लहान मुलांच्या पालकांमध्ये ऑटिझमबद्दल (स्वमग्नता, म्हणजे इतरांशी संवाद आणि वागणं यांत लहानपणापासून दिसणारा वेगळेपणा) एक मेसेज सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: ‘तुमचं दोन-अडीच वर्षांचं मूल बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही? घाबरू नका. हा खरा ऑटिझम नव्हे, मोबाइलमुळे होणारा व्हर्च्युअल ऑटिझम आहे. स्क्रीन पूर्ण बंद करा, घरात एकच भाषा बोला, चित्रांची कार्डं दाखवू नका, तीन महिने वाट पाहा. मूल आपोआप बोलेल. मुलगे उशिराच बोलतात.’

यातला स्क्रीन कमी करण्याचा सल्ला चांगला आहे आणि म्हणूनच बाकीचा मजकूरही पटून जातो.

‘व्हर्च्युअल ऑटिझम हा वेगळा आजार आहे.’

असं निदान कुठेच नोंदलेलं नाही. डॉक्टर आजारांच्या ज्या दोन अधिकृत याद्यांवरून निदान करतात, त्या डीएसएम-5 आणि आयसीडी-11 या दोन्हींत हा शब्द नाही. 1943 मध्ये अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ऑटिझमचं गाजलेलं सविस्तर वर्णन केलं ते अकरा मुलांचं. मोबाइल सोडाच, तेव्हा अमेरिकेतही घरोघरी टीव्ही पोहोचला नव्हता. तरीही त्यांनी लिहिलेल्या खुणा आजच्या पालकांना ओळखीच्या वाटतील: ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणणं, ‘मी’च्या जागी ‘तू’ वापरणं, रोजच्या क्रमात जरा बदल झाला की कासावीस होणं.

जपानमधल्या 84 हजारांहून अधिक मुलांच्या पाहणीत (2022) पहिल्या वर्षी जास्त स्क्रीन पाहणाऱ्या मुलग्यांमध्ये तिसऱ्या वर्षी ऑटिझमचं निदान जास्त आढळलं. मुलींमध्ये हा संबंध दिसला नाही. अशा पाहणीतून दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढंच कळतं, कुठली कशामुळे झाली ते कळत नाही. ज्या बाळाला माणसांच्या चेहऱ्यापेक्षा फिरणारी, ठरावीक क्रमाने येणारी चित्रं जास्त खेचून घेतात आणि जे सहज शांत होत नाही, त्याच्या हातात मोबाइल लवकर जातो आणि जास्त वेळ राहतो. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. म्हणूनच ‘त्याचे बाबाही चौथ्या वर्षी बोलले’ हे वाक्य दिलासा मानू नये, डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

‘स्क्रीन बंद केली की तीन महिन्यांत मूल बरं होतं.’

ज्या मुलाला दिवसभर कुणी बोलायलाच मिळत नव्हतं, त्याच्याशी घर बोलू लागलं की ते झपाट्याने पुढे जातं. असं होतं, आणि छान होतं. पण दोन ते तीन या वयात ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुलांचेही शब्द वाढतात. मग मूल ए टू झेड, शंभरपर्यंत आकडे, गाड्यांची नावं, जाहिरातीतली वाक्यं म्हणू लागतं आणि घरात पेढे वाटले जातात. तेच मूल तहान लागल्यावर ‘पाणी’ म्हणत नाही, आईचा हात धरून माठाकडे नेतं. किंवा ‘पाणी पाहिजे का तुला?’ असं म्हणतं, कारण पाणी मिळण्याआधी त्याने नेहमी हेच वाक्य ऐकलेलं असतं. ही नक्कल निरर्थक नाही. ते मागणंच आहे, फक्त दुसऱ्याच्या शब्दांत. त्याला ‘मला विचारतोस काय?’ म्हणून दटावू नका. त्याच्या बाजूने ‘मला पाणी पाहिजे’ म्हणा आणि लगेच पाणी द्या.

म्हणून शब्द मोजताना पाठ म्हटलेले बाजूला ठेवा. मागण्यासाठी, नकार देण्यासाठी, काहीतरी दाखवण्यासाठी मूल किती शब्द किंवा खुणा वापरतं ते मोजा. ‘दाखवणं’ हे सर्वांत महत्त्वाचं. बिस्किटासाठी बोट करणं वेगळं आणि विमान दिसल्यावर बोट करून मग तुमच्याकडे वळून बघणं वेगळं. दुसऱ्यात मूल स्वतःचं आश्चर्य तुमच्याशी वाटून घेतं. दीड वर्षापर्यंत हे दिसलं नाही, तर मूल दहा शब्द बोलत असलं तरी तपासणी हवी.

‘मुलगे उशिरा बोलतात, वाट पाहा.’

मुलगे आणि मुली यांच्या बोलण्यात सरासरी फरक असतो तो थोड्या आठवड्या-महिन्यांचा, वर्षांचा नाही. बारा महिन्यांपर्यंत नावाला प्रतिसाद नाही, टाटा किंवा बोट करणं नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, चोवीस महिन्यांपर्यंत ‘बाबा ये’सारखे स्वतःचे दोन शब्द जोडणं नाही, आलेले शब्द कुठल्याही वयात गेले: यांपैकी एक गोष्टही थांबायचं नाही हे सांगायला पुरेशी आहे. (मुलींची चिन्हं तर आणखी उशिरा ओळखली जातात, कारण ‘लाजाळू आहे’ एवढ्यावर भागवलं जातं.)

नावाची परीक्षा घरी नीट घेता येते. टीव्ही बंद, मूल खेळात, तुम्ही मागे पाच-सहा फुटांवर. खाऊच्या पुडीचा आवाज नाही, टाळी नाही, फक्त नाव. वेगवेगळ्या वेळी चार-पाचदा करून पाहा. प्रतिसाद नसेल तर आधी ऐकण्याची तपासणी: ओएई आणि गरज पडल्यास बेरा. दार आपटल्यावर दचकतो म्हणजे कान चांगले, असं धरू नका. मोठा आवाज ऐकू येऊनही बोलण्यातले बारीक आवाज निसटू शकतात.

16 ते 30 महिन्यांच्या मुलासाठी एम-चॅट-आर ही पालकांना विचारायच्या वीस प्रश्नांची चाळणी आहे. तीन ते सात गुण आले तर पुढचे प्रश्न विचारतात, आठ किंवा जास्त आले तर थेट तपासणीला पाठवतात. ते निदान नव्हे. आपल्याकडे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी वापरली जाते ती आयसा ही भारतीय मोजपट्टी चाळीस मुद्द्यांची आहे, आणि 70 गुणांपासून ऑटिझम धरतात. रक्ततपासणीत किंवा एमआरआयमध्ये ऑटिझम दिसत नाही. त्यामुळे ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल’ या वाक्याने हा प्रश्न सुटत नाही. सरकारी डीईआयसी केंद्रांत (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी जिल्हा केंद्रं) ही तपासणी मोफत होते. अहवालाला वेळ लागला तरी स्पीच थेरपी (बोलण्याची) आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजच्या क्रिया शिकवणारी) त्याआधी सुरू करता येते.

‘चित्रांची कार्डं दिली तर मूल बोलणार नाही.’

या मेसेजमधलं सर्वांत नुकसान करणारं वाक्य हेच. मागण्यासाठी वापरलेली चित्रं, खुणा किंवा चित्राला बोट लावलं की शब्द म्हणणारं ॲप यांमुळे बोलणं थांबतं असं संशोधनात आढळलेलं नाही. काही मुलांचं बोलणं वाढतं. मागता आलं की रडणं-चावणं कमी होतं, कारण ते बहुधा मागणंच असतं.

सुरुवात आवडत्या वस्तूचं चित्र असलेल्या एका कार्डाने करा. मुलाची आवडती वस्तू समोरच्या मोठ्या माणसाच्या हातात, दुसरं माणूस मुलाच्या मागे. मूल वस्तूकडे हात नेतं, मागचं माणूस तोच हात कार्डाकडे नेऊन ते समोरच्याच्या हातात द्यायला मदत करतं. समोरचा ‘फुगा!’ म्हणतो आणि लगेच फुगा देतो. ‘काय पाहिजे?’ विचारायचं नाही, नाहीतर मूल विचारल्याशिवाय मागत नाही. कार्डं कपाटात राहिली, किंवा त्यांवर फक्त ‘बस’, ‘गप्प’, ‘शू’ असे मोठ्यांचेच हुकूम असले, की पद्धत फसते आणि दोष मुलावर येतो.

आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे असंच बोलणारं ॲप मराठीतही बोलतं. मेसेज वाचून ‘स्क्रीन पूर्ण बंद’ करणाऱ्या घरात हे ॲप असलेला टॅबही काढून घेतला जातो. ती त्या मुलाची करमणूक नव्हे, त्याचा आवाज आहे.

‘घरात एकच भाषा ठेवा.’

दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही की वाढत नाही. आजीशी कोकणी, आईशी मराठी चालेल. ज्या भाषेत तुम्ही लाड करू शकता ती सोडून मोडक्या इंग्रजीत सूचना देऊ नका.

आता स्क्रीनबद्दल. दोन वर्षांखाली नकोच, दोन ते पाचमध्ये फार तर तासभर. एका दिवसात तोडलं तर मूल तीन-चार दिवस आकांत करतं, घर हरतं, मोबाइल परत येतो आणि मूल शिकतं की जास्त वेळ रडलं की मिळतो. आधी जेवताना आणि झोपण्यापूर्वीचा तास मोकळा करा. संपणार हे डोळ्यांना दिसू द्या: वाळूचं घड्याळ, किंवा ‘आधी मोबाइल, मग झोका’ अशी दोन चित्रं. मोकळ्या झालेल्या वेळात मुलासमोर जमिनीवर बसा, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. ते गाडीचं चाक फिरवत असेल तर तुम्हीही फिरवा. झोका मध्येच थांबवा आणि मनात दहा मोजा. नजर, आवाज, हात हलवणं, काहीही आलं की लगेच झोका द्या. ‘हे काय? ते काय?’ कमी करा, मूल जे बघतंय त्याचं नाव सांगा.

डॉक्टरांकडे जाताना तीन लहान व्हिडिओ न्या: एकटं खेळताना, जेवताना, आणि नावाने हाक मारल्यावर. अनोळखी खोलीत मूल वेगळं वागतं, घरातलं हे त्यांना दिसायला हवं.