‘डेव्हलपर आळशी होते म्हणून गेम पडला’ हे खरं नाही

सोनीचा कॉन्कॉर्ड हा ऑनलाइन नेमबाजीचा गेम बंद पडला तेव्हापासून एक मजकूर गेमिंगच्या ग्रुपांवर फिरतोय. नवा कुठला गेम आपटला की तोच परत येतो, फक्त गेमचं नाव बदललेलं असतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शेकडो कोटी ओतलेले ऑनलाइन मल्टिप्लेअर गेम लॉन्चनंतर पडतात, कारण डेव्हलपर आळशी झालेत, गेममध्ये ‘वोक’ (वंश-लिंगाबाबत पुरोगामी) पात्रं घुसवतात, फुकट द्यायच्या गेमला पैसे लावतात, जाहिरात धड करत नाहीत, आणि दोन वर्षं धीर धरून सर्व्हर चालू ठेवत नाहीत. शेवटची ओळ ठरलेली: पडू दे, कंपनीचा पैसा गेला, आपलं काय गेलं?

मी रोज रात्री खेळणारा माणूस आहे आणि हा मजकूर मला मनापासून खटकतो. त्यात थोडंथोडं तथ्य आहे, म्हणून तो पटकन पटतो. पण खरं कारण त्यात कुठेच येत नाही, आणि शिव्या भलत्याच माणसांना बसतात.

आधी आळसाचं बघू, कारण हा आरोप सगळ्यात जास्त लागतो.

ईए कंपनीच्या बायोवेअर स्टुडिओचा अँथम हा ऑनलाइन गेम फेब्रुवारी २०१९ मध्ये आला आणि आपटला. एप्रिलमध्ये पत्रकार जेसन श्रायर यांनी त्यावर काम केलेल्या लोकांशी बोलून सविस्तर वृत्तांत लिहिला. जवळपास सात वर्षं चाललेल्या कामातलं प्रत्यक्ष बांधकाम शेवटच्या दीडेक वर्षात झालं. त्याआधीची वर्षं गेम नेमका काय असावा हे ठरवण्यातच गेली. उडणं हा ज्या गेमचा जीव, त्यात ते ठेवायचं की काढायचं हेच मागेपुढे होत राहिलं. वर फ्रॉस्टबाइट नावाचं इंजिन (गेम ज्यावर बांधतात ते सॉफ्टवेअर), जे मुळात बॅटलफील्डसारख्या नेमबाजीच्या गेमसाठी बनलेलं. त्यात साधी सोय करायलाही जीव काढावा लागायचा. शेवटच्या टप्प्यात माणसं ताणाने इतकी खचली की डॉक्टरांच्या सांगण्यावरून रजेवर गेली. निर्णय वर अडकले होते आणि रात्री खालची माणसं जागवत होती. त्यांना आळशी म्हणणं हा अन्याय आहे.

कॉन्कॉर्डचं तर उलटंच. २३ ऑगस्ट २०२४ ला तो आला तेव्हा अर्धाकच्चा नव्हता. गोळीबार हाताला छान लागतो असं बऱ्याच समीक्षकांनी लिहिलं. तरी स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, एका वेळी खेळणाऱ्यांचा उच्चांक होता ६९७. प्लेस्टेशनवरचे वेगळे, पण चित्र तिथेही फार निराळं नसावं, कारण ६ सप्टेंबरला, म्हणजे चौदाव्या दिवशी, सोनीने सर्व्हर बंद केले आणि सगळ्यांचे पैसे परत दिले. ऑक्टोबरअखेर तो बनवणारा फायरवॉक हा स्टुडिओही बंद झाला.

मग झालं काय? इथे जरा थांबू, कारण त्या मजकुरात नेमकं हेच नाही.

ऑनलाइन मल्टिप्लेअर गेम हा संध्याकाळच्या मैदानासारखा असतो. पीच चांगली आहे, स्टंप नवे आहेत, बॉल कोरा आहे. पण पाच वाजता तुम्ही पोचलात आणि मैदानात चारच पोरं दिसली, तर तुम्ही पाच मिनिटं थांबता आणि शेजारच्या मैदानात जाता. तुमच्या मागून आलेल्याला तिथे तीनच पोरं दिसतात.

हेच आकड्यांत मांडतो. कॉन्कॉर्डचा सामना पाच विरुद्ध पाच, म्हणजे दर वेळी दहा माणसं हवीत. समजा जगभरात सातशे जण ऑनलाइन आहेत. अमेरिका, युरोप आणि आशिया अशी त्यांची वाटणी होते. आपल्या रात्री दहा वाजता आशियाच्या सर्व्हरवर साठ जण आहेत असं धरू. त्यातले निम्मे आधीच सामन्यात. उरलेले तीस तीन मोडमध्ये, म्हणजे खेळाच्या प्रकारांत, विभागले की प्रत्येकाच्या वाट्याला दहा, तेही सगळे एकाच क्षणी रांगेत आले तर. अजून कौशल्याची पातळी बघितलेलीच नाही. मॅचमेकिंगपुढे, म्हणजे खेळाडू निवडून सामना लावणाऱ्या यंत्रणेपुढे, दोनच वाटा राहतात. एक तर तुम्हाला थांबवायचं, नाहीतर अटी सैल करायच्या. अटी सैल केल्या की तुम्ही लांबच्या सर्व्हरवर फेकले जाता, पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, दीडशे मिलिसेकंदांच्या पुढे जातो आणि आपण गोळी मारायच्या आधीच आपण मेलेले असतो. किंवा काल गेम घेतलेला नवखा पोरगा दोनशे तास खेळलेल्यांसमोर उभा राहतो, बारा वेळा मरतो आणि परत येत नाही. तो गेला की उद्याची रांग अजून लांब.

आमच्या ग्रुपने हे अनुभवलंय. आम्ही पाच जण: दोघं पुण्यात, एक सांगलीत, एक ठाण्यात, एक दुबईत. एका शनिवारी सगळ्यांनी एक नवा गेम उतरवून घेतला. दुबईवाल्याची सुट्टी संपत आलेली, म्हणून वेळ आठवडाभर आधी ठरवलेली. शिकवणीचा टप्पा झाला, पात्रं निवडली, लॉबीत, म्हणजे सामना लागायची वाट बघायच्या जागी, बसलो. घड्याळ चालू. एक सामना झाला, आवडलासुद्धा. दुसऱ्यासाठी परत लॉबी. घड्याळात चार मिनिटं अकरा सेकंद झाले तेव्हा सांगलीकर म्हणाला, ‘चला रे, व्हॅलोरंट लावू, वेळ कशाला घालवायचा.’ कुणी वाद घातला नाही. व्हॅलोरंट हा आमचा नेहमीचा गेम. त्याचा सर्व्हर मुंबईत आहे, सामना लगेच लागतो, पाचही जणांचे स्किन (जमवलेली सजावट) तिथे आहेत, रँक तिथे आहे. तो नवा गेम आम्ही पुन्हा उघडलाच नाही. तो वाईट होता असं आमच्यातला कुणीही म्हणणार नाही.

नव्या गेमची झुंज असते ती पाच जणांच्या जमलेल्या सवयीशी. एकट्याला पटवून भागत नाही, पाचही जण एकाच आठवड्यात हलावे लागतात. बीजीएमआयचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. पब्जी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. दहा महिन्यांनी, जुलै २०२१ मध्ये, तोच गेम बीजीएमआय या नव्या नावाने परतला आणि पहिल्याच आठवड्यात ३.४ कोटी नोंदणी झाल्याचं क्राफ्टन या त्याच्या कंपनीने जाहीर केलं. मधल्या काळात पर्याय कमी नव्हते. पण स्क्वॉडच्या स्क्वॉड वाट बघत बसले होते.

आता ‘शेकडो कोटी ओतूनही’ या शब्दांकडे बघा. माझ्या मते त्यातला ‘ही’ चुकीचा आहे. पैसा जास्त म्हणजे माणसं जास्त, माणसं जास्त म्हणजे वर्षं जास्त, आणि या धंद्यात वर्षं फार महाग पडतात. फायरवॉक सुरू झाला २०१८ साली, ओव्हरवॉच जोरात होता तेव्हा. त्या वेळी पैसे देऊन घ्यायचा ओव्हरवॉचसारखा हिरो शूटर, म्हणजे प्रत्येक पात्राची ताकद वेगळी असलेला नेमबाजीचा गेम, ही शहाणी कल्पना होती. गेम तयार होईपर्यंत ओव्हरवॉच २ फुकट होऊन दोन वर्षं होत आली होती. वॉर्नरच्या रॉकस्टेडी स्टुडिओचा बॅटमॅन आर्कम नाइट २०१५ चा, त्यानंतरचा मोठा गेम सुसाइड स्क्वॉड थेट फेब्रुवारी २०२४ मध्ये. लूट शूटरची, म्हणजे शत्रू मारून हत्यारं जमवायच्या गेमची, लाट ओसरल्यावर तो पोचला आणि वॉर्नरने त्यापायी २० कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवला. वरातीमागून घोडं. घोड्याचा दोष नाही, ते निघालं तेव्हा वरात समोरच होती.

त्यात कंपन्यांचे मालक सगळे एकाच वरातीच्या मागे. सोनीने २०२२ मध्ये सांगितलं होतं की मार्च २०२६ पर्यंत दहापेक्षा जास्त लाइव्ह सर्व्हिस गेम (लॉन्चनंतरही वर्षानुवर्षं नवं काही देत चालवायचे ऑनलाइन गेम) आणू. २०२३ च्या नोव्हेंबरात तो आकडा निम्म्यावर आणावा लागला. सोनीच्याच नॉटी डॉग स्टुडिओने डिसेंबर २०२३ मध्ये आपला ऑनलाइन गेम लॉन्चआधीच रद्द केला आणि कारण स्पष्ट सांगितलं: हा गेम चालवायचा तर पुढची कित्येक वर्षं अख्खा स्टुडिओ त्यालाच जुंपावा लागेल. मला तो निर्णय प्रामाणिक वाटला. आळशी स्टुडिओ असं बोलत नाही.

‘वोक’चा मुद्दा लवकर उरकतो. एपेक्स लेजंड्स या हिरो शूटरमध्ये जिब्राल्टर समलिंगी आहे, ब्लडहाउंड स्वतःला पुरुषही म्हणवत नाही आणि स्त्रीही, आणि २०१९ पासून तो गेम उभा आहे. कॉन्कॉर्डची पात्रं लोकांना आवडली नाहीत हे मात्र खरं, आणि ते मी मान्य करतो. ती बघून ‘मला हा व्हायचंय’ असं वाटत नव्हतं. रंग फिके, आकार विसरण्यासारखे. हिरो शूटरमध्ये हा मोठा दोष आहे. पण तो चित्रकलेचा दोष आहे, त्याला राजकारण चिकटवू नका.

‘फुकट दिला असता तर चालला असता.’ ॲमेझॉनचा क्रूसिबल फुकट होता. मे २०२० मध्ये आला, महिन्या-दीड महिन्यात परत बंद बीटामध्ये (निवडक लोकांपुरत्या चाचणीत) गेला आणि नोव्हेंबरात संपला. युबिसॉफ्टचा हायपर स्केप फुकट होता, एप्रिल २०२२ मध्ये बंद झाला. एक्सडिफायंट फुकट होता, मे २०२४ ते जून २०२५, जेमतेम वर्षभर टिकला. आणि हेलडायव्हर्स २? तोही सोनीचाच, किंमतही कॉन्कॉर्डइतकीच ४० डॉलर, तोही २०२४ चाच. बारा आठवड्यांत १.२ कोटी प्रती गेल्या. त्यात मित्रांबरोबर एका बाजूने लढायचं असतं, चौघं जमले की काम झालं, समोर दुसरी टीम लागत नाही. जागा रिकामी राहिली तरी खेळ अडत नाही. किमतीपेक्षा ही रचना मला जास्त महत्त्वाची वाटते.

‘जाहिरात कमी पडली.’ इथे एकाच महिन्यातले एकाच कंपनीचे दोन गेम बघा. ईएचा अँथम २२ फेब्रुवारी २०१९ ला आला, दीड वर्षाहून जास्त गाजावाजा करून. त्याच ईएचा एपेक्स ४ फेब्रुवारीला आला, आदल्या दिवसापर्यंत त्याची अधिकृत घोषणासुद्धा नव्हती. आठवड्यात अडीच कोटी खेळाडू. मोठ्या स्ट्रीमर्सना पैसे देऊन खेळायला बसवलं होतं, तेव्हा तो आपोआप पसरला असं मी म्हणत नाही. पण जाहिरात माणूस दारापर्यंत आणते, पुढचं काम गेमचं. ॲमेझॉनच्या न्यू वर्ल्डला सप्टेंबर २०२१ मध्ये स्टीमवर एका वेळी नऊ लाखांवर लोक लाभले. आत शिरायला तासन् तास रांगा. म्हणून सर्व्हर वाढवत नेले. महिन्याभरात गर्दी ओसरली आणि तेच सर्व्हर ओस पडले, मग एकमेकांत मिसळावे लागले. गर्दीही सोसावी लागते.

राहिला धीराचा मुद्दा, आणि तो मला सगळ्यात जवळचा वाटतो. फायनल फँटसी १४ चं उदाहरण सगळे देतात. २०१० मध्ये सपशेल पडलेला गेम, नाओकी योशिदा यांच्या हाती दिला, २०१३ मध्ये नव्याने आला आणि आजही चालतो. पण तिथे धीर धरून डागडुजी एवढंच झालं नव्हतं. जुना गेम चालवता चालवता दुसरा बांधला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये जुना बंदच केला. एवढा खर्च दोनदा करणारी कंपनी विरळा. अँथमलाही दुसरी संधी द्यायची होती, तीसेक माणसांची टीम त्यावर बसली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते काम थांबवलं. याउलट अमंग अस बघा. २०१८ मध्ये आला, फारसं कुणी विचारलं नाही आणि २०२० मध्ये घराघरात पोचला. दोन वर्षं तो तगला, कारण मागे तीन माणसं होती. तीन माणसांचा पगार वाट बघू शकतो. शेकडो माणसांचा दर महिन्याच्या एक तारखेला लागतोच. धीर कमी पडतो तो स्वभावामुळे नाही, पगारपत्रकामुळे.

आणि ‘आपलं काय गेलं?’

कॉन्कॉर्डच्या गिऱ्हाइकांना पैसे तरी मिळाले. बाकी ठिकाणी घेतलेला गेम एका तारखेनंतर उघडत नाही. युबिसॉफ्टचा द क्रू ३१ मार्च २०२४ ला असाच गेला, आणि त्यावरून युरोपात लाखो लोकांनी सह्या करून कायद्याची मागणी केली. सुसाइड स्क्वॉडला निदान जाता जाता ऑफलाइन खेळायची सोय दिली. अँथमला तीही मिळाली नाही. १२ जानेवारी २०२६ ला त्याचे सर्व्हर बंद झाले.

ज्या उडण्यावर स्टुडिओत इतकी घासाघीस झाली, ते उडणं शेवटी फार सुंदर झालं होतं. जास्त वेळ हवेत राहिलं की पात्राचा उडायचा सूट तापायचा, खाली कोसळायची वेळ यायची. मग समोर धबधबा शोधायचा आणि सरळ त्याच्या पाण्यातून पलीकडे घुसायचं. सूट थंड व्हायचा आणि पुन्हा वर झेपावता यायचं. आता डिस्क घरात असली तरी ते कुणालाच करून बघता येत नाही.