डॉल्फिन किक ओढीतून सोडवत नाही

सुट्ट्या लागल्या की कोकणातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश फिरू लागतो. डॉल्फिन किक (दोन्ही पाय जुळवून, अंगातून लाट नेत मारलेला फटका) इतकी वेगवान, की ऑलिम्पिकने तिच्यावर बंदी घातली. सगळं बळ गुडघ्यात. समुद्रात ओढ (किनाऱ्यापासून खोल समुद्राकडे नेणारा प्रवाह) लागली तर बुडी मारून याच किकने सरळ किनारा गाठा. आणि सरावासाठी भराभर खोल श्वास घेऊन पाण्याखाली जमेल तितका वेळ राहा. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी जीव घेऊ शकतात, म्हणून हे लिहितो आहे.

बंदी नाही, मर्यादा आहे. १९८८च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा जलतरणपटू डेव्हिड बर्कॉफ बॅकस्ट्रोकला (पाठीवर पोहण्याच्या शर्यतीत) सुमारे ३५ मीटर पाण्याखालूनच गेला. आता फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक, बटरफ्लाय या तिन्हींत सुरुवातीला आणि प्रत्येक वळणानंतर १५ मीटरच्या आत डोकं वर यावंच लागतं.

गुडघ्याचंही चूक. अंगातली लाट छातीखालून निघते, कमरेतून मांड्यांत उतरते आणि पावलांत संपते. गुडघे फार वाकवले की मांड्या पाण्याला आडव्या येतात, वेग मरतो. तारकर्ली-देवबागला होडीतून डॉल्फिन दिसला तर शेपटी बघा: आडवी असते, वर-खाली चालते आणि वर येतानाही जोर लावते. नवशिके नेमका हाच वरचा फटका सोडून देतात.

आता ओढ. तलावाच्या भिंतीला पाय देऊन किंवा सूर मारून मिळालेला वेग ही किक टिकवते. समुद्रात भिंत कुठली? ओढीचा वेग बहुधा सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, पण २.४ मीटरपर्यंतही मोजला गेला आहे. ५० मीटर फ्रीस्टाइलचा जागतिक विक्रम साधारण त्याच वेगाचा! त्याविरुद्ध विहिरीत पोहायला शिकलेला पोरगा काय करणार? शिवाय बुडी मारलेला माणूस किनाऱ्यावरून दिसतही नाही. ओढ खाली खेचत नाही, किनाऱ्यापासून दूर नेते. म्हणून आधी पाठीवर तरंगा, हात उंचावून हाका मारा. मग किनाऱ्याला समांतर सरका आणि लाटा फुटतात तिथून किनाऱ्याकडे या. दोन्हीकडे लाटा फुटत असताना मध्येच पाणी शांत दिसलं, तर बरेचदा तिथेच ओढ असते. पाहुणे मात्र तीच जागा निर्धोक समजून उतरतात.

श्वासाचा सल्ला सर्वांत वाईट. भराभर श्वास घेतल्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो. श्वासाची तगमग होते ती मुख्यतः त्याच्याच वाढीमुळे. तो इशारा उशिरा येतो, तोवर ऑक्सिजन संपत आलेला असतो आणि पोहणारा अचानक बेशुद्ध होतो. ओरडणं नाही, धडपड नाही. तलावातही असं होतं, पट्टीच्या पोहणाऱ्यांचंही. किक शिकायची तर तलावात शिका: थोड्या किक, वर येऊन पुरेसा श्वास, आणि काठावर लक्ष ठेवणारं कुणीतरी. श्वास रोखायच्या पैजा मुलांना लावू देऊ नका.